डाव्या वळणावरचा पिवळा दिवा

श्रीरामपुरात डिसेंबर लागला की कारखान्यांच्या मळीचा आंबूस-गोड वास गावावर उतरायचा आणि उसाचा हंगाम संपेपर्यंत हलायचा नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो सोसायचा नाही, बिचारे नाकाला रुमाल लावून बसायचे. मला मात्र तो नाताळचाच वास वाटायचा. त्यात करंज्यांच्या तळणीचा, बेकरीत भाजायला दिलेल्या केकचा आणि पप्पांच्या गॅरेजमधल्या ग्रीसचा वास मिसळला की माझा सण सुरू झाला. आमचं घर नेवाशाकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात पप्पांचं गॅरेज. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिथे मम्मीचं राज्य. मधल्या दारात एक जुनी गोणी अंथरलेली असायची, आणि तिच्यावर पाय पुसल्याशिवाय शेडमधल्या माणसाला, मग तो खुद्द मालक का असेना, घरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांचा खडखडाट, पप्पांची हातोडी आणि मागून मम्मी गुणगुणत असलेलं चर्चमधलं गाणं, असं सगळं एकदम ऐकू यायचं. आता माझं घर शांत आहे, आणि खरं सांगायचं तर मला शांततेत झोप लागत नाही.

मम्मी मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, आणि पप्पाही लाडात आले की सिस्टरच म्हणायचे. थिएटरची शिस्त तिनं जशीच्या तशी घरात आणली होती. सुरी उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय कांदा चिरला जायचा नाही. टाके घालायच्या काळ्या रेशमी दोऱ्याची मुदत संपली की दवाखान्यात तो टाकून देत. तो ती मागून घरी आणायची, आणि आमच्याकडे शिवण्या-बांधण्याचं जे काही असेल ते त्याच दोऱ्यानं व्हायचं. माझ्या फ्रॉकची बटणं, दप्तराचा बंद, गीतांच्या पुस्तकाची निखळलेली पानं, इतकंच काय, भरली कारलीसुद्धा. शेंगदाण्याचं कूट, तीळ, लसूण आणि गुळाचा खडा असं सारण दाबून भरलेलं कारलं ती त्या दोऱ्यानं बांधायची, आणि गाठ मारायची ती दवाखान्यातली: आधी दोन वेढे एकदम घेऊन ओढायचे, मग उलट बाजूनं एक. ती गाठ सुटायची नाही आणि तो दोरा तुटायचा नाही. दुसऱ्यांच्या घरी जेवणाआधी लोणचं मागतात, आमच्याकडे कात्री मागायचे.

त्याच दोऱ्यानं आमचा संसार बांधला, असं पप्पा सांगायचे आणि ते काही खोटं नव्हतं. तरुणपणी एका जीपच्या फॅनबेल्टनं त्यांची डाव्या हाताची करंगळी फाडली. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले, म्हणून टाके घातले सिस्टरनं, आणि घालता घालता एवढं झापलं की पप्पा दुखणंच विसरले. मग ते टाके काढायला गेले, मग टाके काढलेली जागा दाखवायला गेले, आणि नंतर जागा आता बरी आहे हे सांगायलाही गेले. दर नाताळात पाहुण्यांसमोर ही गोष्ट व्हायची, करंगळीवरचा वण सगळ्यांना फिरवून दाखवला जायचा, आणि मम्मी आतून ओरडून सांगायची की जखम एवढी काही नव्हती, नाटकं होती सगळी. गोष्ट मला पाठ होती, तरी मी दर वेळी पुढे सरकून बसायचे.

मम्मीचा एक दरारा मात्र खरा होता. गॅरेजमध्ये येणाऱ्या टेम्पो-ट्रकना लिंबू-मिरच्या, काळ्या बाहुल्या, मागे टांगलेली चप्पल असा सगळा थाट असायचा. मम्मी मधल्या दारात, गोणीच्या अलीकडे उभी राहून ड्रायव्हर लोकांची शाळा घ्यायची. एवढ्या मिरच्यांचा ठेचा केला असता तर पोराबाळांनी खाल्ला असता, म्हणायची. आमच्यात असलं काही चालत नाही, ज्यानं आभाळ सांभाळलंय तो तुझी चार चाकंही सांभाळील, हे तिचं ठरलेलं वाक्य. ड्रायव्हर मान खाली घालून “व्हय सिस्टर” म्हणायचे, आणि फाटकाबाहेर पडले की ताजी मिरची बांधायचे. आमच्या स्वतःच्या स्कूटरवर कधी साधी माळही चढली नाही.

मी जी हकिकत सांगते आहे त्या वर्षी माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता आणि घरात माझ्यावरून रोज चकमक उडत होती. मला गॅरेजमध्ये काम करायचं होतं. लहानपणापासून मी त्या शेडमध्येच अभ्यास केला, तिथेच डबा खाल्ला. डायनॅमो, स्टार्टर, वायरिंग हे सगळं मी पप्पांच्या हाताशी राहून शिकले होते, आणि डिप्लोम्यानं त्यात मीटरची भर घातली होती. मम्मीच्या मनात वेगळंच होतं. तिच्या मैत्रिणीच्या यजमानांनी पुण्यातल्या एका कंपनीत शब्द टाकला होता. नव्या वर्षात पुण्याला जायचं, हॉस्टेलवर राहायचं, पंख्याखाली टेबल-खुर्चीवर बसायचं. पुण्याचं नाव निघालं की मी वाद घालायचे, रुसायचे, एकदा तर जेवायलाही बसले नाही. मम्मीचं उत्तर ठरलेलं होतं. “एका घरातली एक करंगळी शिवली मी. दुसरी शिवायची माझी तयारी नाही.” पप्पा अशा वेळी उठून शेडमध्ये जायचे आणि नीट चाललेला जॅक उगाच उघडून बसायचे.

आणि नाताळाच्या तोंडावर अविमामा आला. हा मम्मीचा धाकटा, एकुलता एक भाऊ. बरीच वर्षं सिंगापूरला गोदीत काम करून तो कायमचा परतला होता, आणि येताना तिथली आपली गाडी बोटीनं घेऊन आला होता. निळी, लांबलचक, काचेचं बटण दाबलं की काच आपोआप खाली जाणारी. ती आमच्या फाटकात शिरली तेव्हा पाठोपाठ निम्मा रस्ता आत शिरला. रसवंतीवाला गिऱ्हाईक सोडून आला. कुणी बॉनेटला हात लावून पाहिला, कुणी आरशात भांग पाडला. एक म्हातारी गाडीभोवती फिरून म्हणाली, “लई देखनी हाय रं, कुनाची नजर न लागो,” आणि तिनं बोटं कानशिलावर मोडली. मम्मीनं तिलाही आमच्यात असलं चालत नसल्याचं ऐकवलं. म्हातारी हसली आणि आणखी एकदा बोटं मोडून गेली.

मामाचं नगरच्या एका शिक्षिकेशी जमलं होतं आणि नाताळानंतरच्या शनिवारी साखरपुडा ठरला होता. आता नगरला अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. तर नगरला मुलीच्या दारात आपण या गाडीनं उतरायचं, हे मामाच्या मनानं सिंगापुरातच घेतलं होतं. गाडीचं त्याला जेवढं कौतुक होतं त्याहून जास्त तिच्या ब्रेकचं होतं. आपल्या गाड्यांना करकचून ब्रेक मारला की चाकं जाम होतात आणि गाडी घसरत जाते. हिच्यात एक पेटी आहे, ती चारही चाकांवर लक्ष ठेवते आणि एकही जाम होऊ देत नाही, असं तो येईल त्याला सांगायचा. त्याला एबीएस म्हणतात, हे सांगताना तो प्रत्येक अक्षरापाशी थांबायचा. पप्पांनी असा ब्रेक फक्त ऐकला होता. त्यांनी तो बघायचाच हट्ट धरला.

मग आम्ही चौघं कारखान्याकडच्या रस्त्याला गेलो. टँकरमधून मळी सांडून तिथे डांबरावर कायम चिकट निसरडा थर असायचा, स्कूटरवाले तिथे पाय खाली सोडूनच चालवत. मामानं गाडी पळवली आणि भर मळीत ब्रेकवर उभा राहिला. पायाखालून कड-कड-कड असा आवाज आला, पेडल थरथरलं, आणि गाडी नाकासमोर सरळ जाऊन थांबली. पप्पा दार उघडून खाली उतरले, मागे जाऊन चाकांच्या खुणा पाहिल्या, परत येऊन बसले आणि म्हणाले, “अवि, परत एकदा.” मामानं परत मारला. मग पप्पांनी स्वतः चालवून मारला. पप्पा खदाखदा हसत होते, मी मागच्या सीटवर टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या शेजारी मम्मी डोळे मिटून ओठ हलवत बसली होती. घरी आल्यावर गोणीवर पाय पुसता पुसता तिनं पप्पांना विचारलं की थरथरणाऱ्या माणसाचा आपण ताप बघतो, मग थरथरणाऱ्या ब्रेकला चांगला का म्हणायचं. पप्पांनी कितीही समजावलं तरी ते तिच्या गळी उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात आले तर मम्मी रात्रपाळीहून आलेली, अजून पांढऱ्या साडीतच, आणि मामाच्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसलेली. काय गं, म्हटलं, तर म्हणाली की मांजरीनं गाडीखाली पिल्लं घातलीत का बघतेय. आमची मांजर तेव्हा पोटुशी होती, आज इथे तर उद्या तिथे जागा शोधत फिरायची, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी चूळ भरली आणि चहाला गेले.

त्याच दिवशी मामा बेकरीतून केक आणायला गाडी घेऊन गेला आणि परत आला तो पांढरा पडून. समोरच्या काचेखाली, काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला होता आणि त्यात तीच तीन अक्षरं होती. चावी फिरवून गाडी बंद-चालू केली की दिवा जायचा, थोडं फिरलं की पुन्हा यायचा. पप्पांनी पुढे-मागे करून पाहिलं. साधा ब्रेक उत्तम लागत होता, फक्त ती हुशार पेटी झोपली होती. मामानं एसटीडी बूथवरून पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपला फोन केला. तिथल्या माणसानं गाडी न बघताच सांगितलं की पेटी गेली असणार, बाहेरून मागवावी लागेल, दोन-तीन महिने तरी धरून चाला. मामा फोन ठेवून आला आणि ओट्यावर बसला. “दाजी, ब्रेकचा दिवा लागलेली गाडी घेऊन मी मुलीच्या दारात जाणार नाही. एसटीनं जाऊ आपण.” केकचं खोकं गाडीतच राहिलं होतं. आदल्या दिवशीचा तो रुबाब आणि हा चेहरा, मला फार वाईट वाटलं.

मी म्हणाले, मी बघते. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मामानंही पाहिलं, आणि दोघांच्याही नजरेत एकच भीती होती की ही पोरगी काहीतरी उघडून ठेवील आणि ते परत बसणार नाही. मम्मी करंज्या भरत होती. तिनं हातातली करंजी मुरड घालून पूर्ण केली, ताटात ठेवली, आणि म्हणाली, “बघू दे तिला. रूथ, तुझ्या हातानं ही गाडी बरी झाली तर पुण्याचं मी नाव काढणार नाही. नाही झाली तर नव्या वर्षात मुकाट्यानं बॅग भरायची. कबूल?” पुण्याच्या माणसानं पेटी गेल्याचं सांगितलेलं तिनंही ऐकलं होतं, त्यामुळे आपण हरायचा प्रश्नच नाही अशी तिची खात्री होती. मी कबूल म्हणाले. आणि तडक गाडीचं पुस्तक उघडलं.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दिवा लागल्यास वर्कशॉपला भेट द्या एवढंच होतं. पण कॉलेजात शिकलेलं आठवून मी पप्पांना सांगितलं ते असं: प्रत्येक चाकाच्या आत एक दात्यांची कडी फिरते, तिच्याजवळ छोटं लोहचुंबक बसवलेलं असतं, आणि चाक फिरलं की त्याच्या वायरीतून पेटीला बारीक इशारा जातो. चारातलं एक जरी गप्प झालं तरी पेटी घाबरून दिवा लावते. म्हणजे पेटीच गेली असेल असं नाही. पप्पांनी विडी पेटवली आणि जरा वेळानं म्हणाले, “मंग आधी काय बी खोलू नगं. येनारा-जानारा दोष हाय ना, त्याला काय तरी खोड असती. ती खोड आधी हुडकू.” गाड्या उघडण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी न उघडण्याचा सल्ला द्यावा याचं मला तेव्हा नवल वाटलं. आता माझ्या गॅरेजमध्ये यंत्र जोडलं की पडद्यावर दोषाचा नंबर उमटतो, माझी पोरं नंबर वाचून लगेच पाने उचलतात, आणि मी त्यांना अजून हेच सांगते की आधी एक चक्कर मारून या.

आम्ही खोड हुडकायला निघालो. पप्पांचा संशय खड्ड्यांवर होता. त्यांनी गाव ओळखीचं असल्यामुळे एक खड्डा सोडला नाही, मामा प्रत्येक खड्ड्याला कळवळत होता, पण दिवा काही लागेना. मी पुढच्या सीटवर बसून नुसती दिव्याकडे बघत होते. चर्चच्या कोपऱ्यावर आम्ही वळलो आणि तो लागला. गाडी बंद-चालू केली, स्टेशनकडे वळलो, नाही लागला. मंडईकडे वळलो, लागला. मला एकदम उमगलं आणि मी पप्पांना गाडी शाळेच्या मैदानावर घ्यायला सांगितली. सुट्टीमुळे मैदान मोकळं होतं. पप्पांनी स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवून गोल फेऱ्या मारायला सुरुवात केली. धूळ उडाली, क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टाकून गाडीमागे पळायला लागली. दिवा शांत. मग डावीकडे पूर्ण वळवलं, आणि अर्धा वेढा व्हायच्या आत दिवा पिवळाधमक. परत उजवीकडे, शांत. परत डावीकडे, हजर. पप्पांनी ब्रेक मारला आणि स्टिअरिंगवर थाप मारून माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघांनाही कळलं होतं. पेटीला डावं-उजवं कुठून कळणार? वळतात ती पुढची चाकं, आणि चाक वळताना हलते ती वायर.

शेडमध्ये आल्यावर काम सरळ होतं. मी बॉनेटखाली पुढच्या चाकांच्या वायरींचे जोड शोधून सोडवले आणि एकेकाला मीटर लावला. उजव्या चाकाचा काटा ठाम उभा राहिला, पप्पांनी स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं तरी ढळला नाही. डाव्या चाकाचाही सरळ असताना उभा होता. मग पप्पा हळूहळू डावीकडे वळवायला लागले, आणि शेवटच्या टोकाला काटा धप्पकन पडला. उजवीकडे घेतल्यावर पुन्हा उठला. मी आनंदानं किंचाळलेच. मामा धावत आला, त्याला वाटलं माझा हात अडकला. त्याला चहा सांगायला पाठवून आम्ही गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, आणि पप्पा बॅटरीचा झोत टाकत आत डोकावले. जरा वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. बघते तर हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी त्यांना बाजूला सारून आत पाहिलं. चाकाला वळायला जागा मिळावी म्हणून वायर तिथे जरा सैल सोडलेली असते. ती सैल वायर कुणीतरी गोळा करून स्प्रिंगला घट्ट बांधली होती. काळ्या दोऱ्यानं. बाजारातला नजरेचा काळा दोरा असता तर पहिल्याच वळणाला तटकन तुटला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. हा तुटला नव्हता. हा रेशमी होता, चकचकीत, आणि त्याला दोन वेढे एकदम आणि उलट बाजूनं एक अशी गाठ होती. दोऱ्यानं हार मानली नाही म्हणून वायर आतल्या आत तुटली होती. पप्पांनी डावी करंगळी माझ्यासमोर धरली. “ही गाठ म्या कुठंबी वळखीन, रुती.”

मला आधी हसू फुटलं, मग मांजरीची पिल्लं आठवली आणि खाली फरशीवर बसूनच हसले. मिरच्यांचा ठेचा करायला सांगणारी आमची सिस्टर! पप्पांनी तोंडावर बोट ठेवलं, कारण मामा चहा घेऊन येत होता. त्याला मी एवढंच सांगितलं की वायरीला ताण बसून ती आतून तुटली आहे, आणि ते खरंच होतं. पप्पांनी गाठ कापली, मी वायर सोलून तुटका भाग काढला, डाग देऊन जोडली, वर रबरी नळी चढवली आणि पहिल्यासारखी सैल सोडली. मग पुन्हा मैदान, पुन्हा धूळ, पुन्हा पोरं. डावीकडे गोल, डावीकडे गोल, मला चक्कर यायला लागली, पण दिवा लागला नाही. मामा गाडीतून उतरला आणि त्या पोरांबरोबर चक्क नाचला. जाताना त्यानं सगळ्यांना गोळा करून केकचं खोकं त्यांच्यात वाटून टाकलं, आणि मम्मीला काय सांगायचं याची मग त्यालाच काळजी लागली.

घरी परतताना मी मनात भाषण तयार करत होते. सिस्टर, ज्यानं आभाळ सांभाळलंय, अशी त्याची सुरुवात होती. पण घरात शिरले तर मम्मी खाली बसून कारली भरत होती, समोर तो काळा दोरा, आणि तिनं मान वर करून ज्या चेहऱ्यानं “झालं?” असं विचारलं त्यात हरण्याची एवढी हुरहुर होती की भाषण माझ्या तोंडातच राहिलं. झालं, म्हणाले मी, आणि शेजारी बसून सारण कालवायला घेतलं. तिनं एक कारलं बांधलं, मग दुसरं. मग इकडेतिकडे न बघता विचारलं, काय झालं होतं. पुढच्या डाव्या चाकात वायर बांधली गेली होती, म्हणून वळताना ताण बसत होता, असं मी सांगितलं. तिचा हात तिसऱ्या कारल्यावर थांबला. हातात दोन वेढ्यांची गाठ अर्धी ओढलेली होती. तिनं त्या गाठीकडे पाहिलं, मीही पाहिलं.

“बाकीच्या तीन चाकांतले काढलेत का?” तिनं हळू विचारलं.

मधल्या दारातून पप्पांचा आवाज आला. ते गोणीवर पाय पुसत कधीचे उभे होते. “अजून तीन हायत, सिस्टर?”

मम्मीचा चेहरा लाल झाला. मग ती एकदम बोलायला लागली. “एकुलता एक भाऊ आहे माझा. एवढी गाडी घेऊन आला, सगळं गाव डोळे फाडून बघतंय, आणि वर ते पेडल थरथरतं. प्रार्थना केली होती मी. रात्रभर केली. पण दोरा पण घरात होताच ना.” एवढं बोलून तिलाच हसू फुटलं. पप्पा हसले, मी हसले, मामा काय झालं काय झालं करत आला आणि त्याला कुणीच काही सांगेना. पप्पा बॅटरी घेऊन गाडीखाली जाऊन आले. बाकीचे तिन्ही दोरे जाड लोखंडी दांड्यांना बांधले होते, त्यांच्यापासून कशालाच धोका नव्हता. काढू का, असं त्यांनी आत येऊन विचारलं. मम्मीनं कारल्याची गाठ ओढून पक्की केली. “त्रास नसेल तर राहू द्यात,” ती म्हणाली. शनिवारी मामा त्या तीन दोऱ्यांसकट नगरला गेला, मुलीच्या दारात डावीकडे झोकदार वळण घेऊन उतरला. माझ्या मामीला ही हकिकत पुढे बऱ्याच वर्षांनी मी सांगितली, आणि ती गाडी विकताना तिनं आधी चाकं तपासायला लावली.

पुण्याचं नाव मम्मीनं खरंच काढलं नाही. नव्या वर्षातल्या पहिल्या कामाच्या दिवशी मी पप्पांचा जुना शर्ट चढवून शेडकडे निघाले, तर तिनं मधल्या दारात मला थांबवलं. माझी वेणी तेव्हा कमरेपर्यंत होती. ती तिनं सोडली, घट्ट पिळून अंबाडा घातला, आणि पिना कामाच्या नाहीत म्हणून काळ्या दोऱ्यानं बांधला. “फॅनबेल्टजवळ केस लोंबते ठेवायचे नाहीत,” एवढंच म्हणाली आणि ड्युटीला गेली. अंबाडा दिवसभर जागचा हलला नाही. संध्याकाळी गोणीवर पाय पुसून मी आत गेले आणि गाठ काही सुटेना म्हणून तिच्याकडे कात्री मागितली. कात्री द्यायच्या आधी मम्मीनं माझे ग्रीसनं माखलेले दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे-सुलटे केले, आणि एकेक बोट मोजलं.